तपासलेली डायरी

इंदूरला निघताना माझ्या सामानात साड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती, आणि आमच्या आळीत त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरही झाली नव्हती. सकाळची वेळ. पुण्याला नेणारी गाडी दारात उभी, ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतोय, आणि माझे वडील, अप्पा, मांडी घालून एकेक पुस्तक जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात बसवतायत. घाई त्यांना कधीच नव्हती, त्या दिवशी तर मुळीच नव्हती. शेजारी माझा नवरा श्रीरंग उकिडवा बसून दोरी धरायचं काम करत होता. बिचारा बायको न्यायला आला होता आणि त्याला पुस्तकांच्या देखभालीची शिकवणी मिळत होती. "पुस्तक असं उघडावं, की त्याला दुखू नये," अप्पा त्याला सांगत होते आणि तो मान डोलावत होता.

आई दारात उभी राहून वेगळ्याच काळजीत होती. "एवढं ओझं घेऊन नव्या घरात पाय ठेवणार आहेस का?" असं ती आठवडाभर म्हणत होती. गाडीत बसताना तिनं माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि कानाशी येऊन म्हणाली, "आधी घर बघ, मग कपाट माग." सातारा सुटला, घाट लागला, तरी मी त्या वाक्याचाच विचार करत होते. कपाट मागायला इतकी काय वाट बघायची, असं मला वाटलं होतं.

साताऱ्यात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठेकुठे पांगलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, "इंदूर कसं आहे ग?" आणि मी सांगते, छान आहे, स्वच्छ आहे, पोहे उत्तम मिळतात. हे सगळं खरं आहे. पण तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, "तुझी डायरी कशी आहे?" ते विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते, आणि तो तास तक्रारीचाच झाला असता. म्हणून आता लिहितेच. मला राग आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या साताऱ्याच्या घरात प्रत्येकाची डायरी होती. अप्पांची जाड कापडी बांधणीची, आईची हिशेबाच्या वहीसारखी लांबुळकी, माझी आणि भावाची दरवर्षी दिवाळीत मिळणारी. दिवाळीला आमच्याकडे फटाके कमी आणि कागद जास्त यायचा. अप्पा जिल्हा परिषदेत नोकरीला. पगार बेताचा, पण वर्षातून एकदा एक देखणं पुस्तक घ्यायचंच, असा त्यांचा नेम होता. ते पुस्तक वाचण्याआधी दोन दिवस नुसतं हाताळलं जायचं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला रंगीत कागद बघायचा, पाठीवरच्या सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवायचा, मधोमध उघडून पानं शिवलीयत की नुसती डकवलीयत ते तपासायचं. शिवलेलं पुस्तक टेबलावर उताणं पडून राहतं, मिटायची घाई करत नाही. अशा पुस्तकाला अप्पा "सभ्य पुस्तक" म्हणायचे.

आणि या सगळ्या डायऱ्या उघड्या फळीवर असायच्या. कुलूप नाही, लपवाछपवी नाही. अप्पांचा एकच नियम होता: "दुसऱ्याची डायरी आणि दुसऱ्याचा टॉवेल, हात लावायचा नाही." भाऊ माझी पेन्सिल पळवायचा, माझ्या वाटणीचा लाडू खायचा, पण डायरीला त्यानं कधी हात लावला नाही. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच असतं.

सुदामा नगरातलं सासरचं घर बैठं, पुढे तुळस, मागे जांब, मधे चार खोल्या. श्रीरंगचे पणजोबा संस्थानच्या काळात कारकुनीसाठी आले आणि तेव्हापासून हे कुटुंब इंदूरचंच झालं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, माई. माई म्हणजे उंचीनं लहान आणि आवाजानं मोठ्या. सगळी उमर त्यांनी इथल्या शाळेत मराठी शिकवलं होतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण कपाळावर चष्मा आणि ब्लाउजला अडकवलेलं लाल पेन, हा वेश उतरलेला नव्हता.

माझी खोकी बघून त्या खूश झाल्या. "अरे वा! इतकी किताबं! आपल्या घरात तर कोणी वाचतच नाही. ह्या श्रीरंगला मी किती म्हटलं, पण ह्याचं आपलं क्रिकेट." मला कपाट मागावंही लागलं नाही. त्यांनी स्वतःची अलमारी रिकामी करून दिली. मी त्याच दिवशी आईला फोन करून सांगितलं, की तुझी काळजी फुकट होती.

आठवड्यानं ऑफिसातून घरी आले तर अलमारीतलं एकही पुस्तक ओळखू येईना. माईंनी सगळ्यांना कव्हरं घातली होती. काहींना खाकी कागदाची, आणि तो संपल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पानांची. अप्पांनी मला लग्नात दिलेलं निळ्या कापडाचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक कॅलेंडरच्या एका महिन्याच्या पानात गुरफटलेलं होतं, आणि त्या महिन्यातली एकादशी बरोबर पाठीवर आली होती. प्रत्येकावर चौकोनी लेबल आणि लेबलावर वळणदार अक्षरात माझं नाव. दुपारभर खपून बाईंनी हे केलं होतं. "इथली धूळ अलग आहे ग, तुमच्या साताऱ्यासारखी नाही. कपडा एकदा खराब झाला की झाला," त्या म्हणाल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मी काय म्हणणार? "छान झालंय, माई," म्हटलं. रात्री श्रीरंगला म्हटलं तर तो हसायलाच लागला. त्याच्या मते, माईंनी कव्हर घातलं म्हणजे मी घरात पास झाले.

पुस्तकांचं तरी सहन केलं. कव्हराच्या आत पुस्तक तेच असतं. पण डायरीचं काय करायचं?

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. दिवसभर स्क्रीन, मेल, कॉल, बग, डेडलाइन. संध्याकाळी घरी येऊन शाईचं पेन उघडते तेव्हा कुठे दिवसभराचं अंग मोकळं होतं. ऑफिसातल्या मुली म्हणतात, "मॅम, ऐप में लिखो ना, पासवर्ड लग जाएगा." त्यांना कसं समजावू? ॲपमध्ये रडत लिहिलं काय आणि हसत लिहिलं काय, अक्षर एकच. कागदावर तसं नसतं. रागात लिहिलेल्या ओळी उतरणीला लागतात, झोपेत लिहिलेली अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलतात, आणि आनंदात असले की माझ्या वेलांट्या उगाच उंच जातात. जाड, किंचित खरखरीत कागदावर निब चालताना जो बारीक आवाज होतो, तो मला कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो. शाई पलीकडे उतरत नाही, पण बोट फिरवलं की मागच्या पानावर अक्षरांचे उंचवटे लागतात. वर्ष संपेपर्यंत डायरी फुगते, नव्या डायरीच्या दुप्पट जाड होते. एक अख्खं वर्ष असं हातात धरता येतं आणि त्याला वजनही असतं.

तर मी साताऱ्याच्या सवयीनं डायरी टेबलावर ठेवत होते. पहिल्याच महिन्यात एकदा लिहिलं होतं, की इथे वरणात साखर घालतात आणि शेव तर कशावरही घालतात, मला घास जात नाही. दुसऱ्या दिवशी वरण बिनसाखरेचं. माझ्या ताटाच्या आसपास शेवेचा डबाही नाही. मी चकित. माई शांतपणे म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं नं! उगाच इतके दिवस उपाशी राहिलीस." आणि संध्याकाळी डायरी उघडली तर त्या पानाच्या तळाशी लाल पेनानं बरोबरची खूण, खाली माईंची सही, आणि समासात बारीक शेरा: "अक्षर उत्तम."

मी मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर सही! लग्नानंतर साताऱ्याच्या आठवणीनं कासावीस होऊन लिहिलं होतं, तिथे "भाव चांगला उतरला आहे." श्रीरंगशी पहिलं भांडण झालं होतं, तिथे नुसती सही आणि बरोबरची खूण. म्हणजे नेमकं कोण बरोबर, तो की मी, हेही कळेना.

त्यांना विचारलं तर त्यांना प्रश्नच समजला नाही. "अरे, वही समोर पडली होती, तर मी तपासली. त्यात काय?" सगळा जन्म ज्यांनी वह्या तपासल्या, त्यांना न तपासलेलं पान म्हणजे न वाढलेलं ताट. मला हे तेव्हाही दिसत होतं. पण दिसल्यामुळे राग कमी होतो, असं कुणी सांगितलं?

याच्या पुढची पायरी म्हणजे आमच्या शेजारच्या शर्मा आंटी. एका रविवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर पुढच्या खोलीत दोघी बसलेल्या, समोर पोहे, आणि माईंच्या मांडीवर माझी डायरी. माई एक वाक्य मराठीत वाचत होत्या आणि लगेच त्याचं हिंदी करून सांगत होत्या. "देखिए, क्या लिखा है. शाम को जब अंधेरा होता है, तो उसको लगता है कि यहाँ उसको कोई नहीं जानता." शर्मा आंटींनी डोळ्याला पदर लावला होता. "हाय राम, बहू तो बहुत अच्छा लिखती है, भाभीजी!" माझं एकटेपण पोह्यांबरोबर वाटलं जात होतं, वर त्याला दादही मिळत होती. मी ओल्या केसांनी दारात उभी. माईंनी अभिमानानं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून शर्मा आंटी दर संध्याकाळी अंधार पडायच्या वेळेला मला हाक मारू लागल्या. "आ जाओ बेटा, चाय बन गई." त्या चांगल्या आहेत हो, कोण नाही म्हणतं. पण मला चहा नको होता. मला तो अंधार पाच मिनिटं माझ्यापाशी ठेवायचा होता.

मग मी डायरी अलमारीत ठेवून कुलूप लावलं. माईंनी कुलूप बघितलं आणि दोन दिवस त्यांचा आवाज खाली गेला. तिसऱ्या दिवशी श्रीरंग माझ्याकडे आला. "अरे यार, माईला किती बुरं वाटलं. आपल्या घरात कधी कोणी कुलूप लावत नाही. आणि तुझं असं काय सीक्रेट आहे?"

हेच, नेमकं हेच मला कधी कुणाला समजावता आलं नाही. सीक्रेट काहीच नव्हतं! वरण, शेव, ऑफिस, घराची आठवण, कधी कुणाचा राग. यात लपवण्यासारखं काय आहे? पण बाथरूमचं दार लावून मी तरी आत कुठला गुन्हा करत असते? दार लावायचं असतं, एवढंच. श्रीरंगला मी हे सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू फालतूत टेंशन घेते." आणि मी कुलूप काढलं. नव्या घरात कुलपाचं भांडण कोण वाढवणार?

त्यानंतर मी माईंसाठी लिहू लागले. हे सगळ्यात वाईट झालं. आज हवा छान होती. आज ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आज माईंनी दही-बडे केले, फार सुंदर झाले होते. समासात शेरे येत राहिले: "सुरेख", "शाबास", एकदा तर "असेच लिहीत जा." पान भरायचं आणि त्यात मी कुठेच नसायचे. वर्षाच्या अखेरीला ती डायरी हातात धरली तेव्हा तिला वजन होतं, पण ते माझं नव्हतं. पुढच्या जानेवारीत मी लिहायचं सोडलं.

लिहायचं सोडलं, विकत घ्यायचं मात्र सुटलं नाही. खजूरी बाजारात जुन्या-नव्या पुस्तकांच्या गल्लीत मी शनिवारी जायला लागले. शाळेची पुस्तकं, गाइडं, स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे, आणि त्यांच्या मागे कुठेतरी कोपऱ्यात एखादं शिवण असलेलं, पिवळ्या पानांचं देखणं पुस्तक. तिथला एक दुकानदार मला ओळखायला लागला होता. "आओ दीदी, आपके टाइप का माल आया है," म्हणायचा आणि फडकं झटकून पुस्तक पुढे करायचा. तिथे मी वेड्यासारखी खूश व्हायचे. कोरी डायरी दिसली, कागद बरा वाटला, आत रेशमी फीत असली, की घ्यायचीच. घरी आणून ऑफिसच्या बॅगेत ठेवायची, मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. बघता बघता ड्रॉवर कोऱ्या डायऱ्यांनी भरला. लोक लिहिलेल्या डायऱ्या लपवतात, मी कोऱ्या लपवत होते.

मग अप्पा गेले. अचानक गेले, सकाळी चहा पिऊन आडवे झाले ते उठले नाहीत. मी साताऱ्याला जाऊन दिवस करून परत आले. इंदूरला आल्यावर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. माईंनी मला आठ दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. एका दुपारी घरात कुणी नसताना मी ड्रॉवरमधून आणलेली एक कोरी डायरी उघडली आणि किती दिवसांनी खरं लिहिलं. अप्पांच्या बोटांबद्दल लिहिलं. पुस्तकाच्या पाठीवर फिरणारा तो अंगठा. शेवटच्या फोनवर त्यांनी मला विचारलं होतं, "निळं पुस्तक बरं आहे ना?" आणि मी "हो" म्हटलं होतं, पुस्तक कॅलेंडरच्या कव्हरात असताना. लिहिता लिहिता पानं ओली झाली. डायरी गादीखाली सरकवली आणि तशीच झोपून गेले.

चार दिवसांनी उघडली. या वेळी बरोबरची खूण नव्हती. सहीही नव्हती. पानाच्या तळाशी, लाल नाही, निळ्या पेनानं, अगदी लहान अक्षरात लिहिलं होतं: "धीर धर, बाळा. माई."

आता मला सांगा, यात चिडण्यासारखं काय होतं? काहीच नाही. आणि मी आयुष्यात कधी चिडले नाही इतकी चिडले. डायरी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. माई सुपात गहू निवडत होत्या. "माई, ही वही नाही," मी म्हटलं. "मी तुमच्या वर्गातली मुलगी नाही. माझे वडील गेलेत आणि मला त्यांच्याशी एकटीनं बोलायचंय. या घरात मला एक पानसुद्धा एकटीचं मिळणार नाही का?" माझा आवाज चढला होता, बाहेर शर्मा आंटींना नक्की ऐकू गेला असणार. माईंनी सूप खाली ठेवलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तू लिहितेस तर कुणीतरी वाचावं म्हणूनच लिहीत असशील. नाही तर कशाला लिहायचं?" मी म्हटलं, "मी त्यासाठी लिहीत नाही." "अच्छा," त्या पुन्हा म्हणाल्या आणि गहू निवडायला लागल्या.

मी बोलले ते बरोबरच होतं. आजही मला त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. त्या दिवसानंतर माझ्या कुठल्याही कागदावर माईंची सही उमटली नाही, साध्या इस्त्रीच्या यादीवरसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी आम्ही बायपासकडे फ्लॅट घेतला. भांडण म्हणून नाही, श्रीरंगचं ऑफिस तिकडे आणि माझंही. माईंना आम्ही खूप म्हटलं, पण त्या सुदामा नगर सोडायला तयार नव्हत्या. "लिफ्ट बंद पडली तर मी काय करू वरती? माझा जांब इथे, शर्मा इथे. तुम्ही येत जा." फ्लॅटमध्ये एक छोटी खोली माझी. भिंतभर फळ्या, खिडकीशी टेबल. पहिलं काम मी काय केलं असेल? सगळ्या पुस्तकांची कव्हरं काढली. अख्खा रविवार त्यात गेला. खाकी कागद, कॅलेंडरं, लेबलं, सगळं सुक्या कचऱ्याच्या डब्यात. निळं कापड इतक्या वर्षांत जरासुद्धा विटलेलं नव्हतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आणि डायरी लिहायला लागले. काय सांगू तुम्हाला, किती सुख झालं! ड्रॉवरमधल्या त्या कोऱ्या डायऱ्या एकेक करून घरी आल्या. मी राग लिहिला, भीती लिहिली, ऑफिसातल्या बॉसला शिव्या लिहिल्या, माईंबद्दल लिहिलं, वरणातल्या साखरेबद्दल पुन्हा लिहिलं. डायरी टेबलावर उघडी ठेवून अंघोळीला जायचं, बाजारात जायचं, गावालाही जायचं. श्रीरंग त्या खोलीत फक्त चार्जर शोधायला येतो. म्हणजे साताऱ्यासारखंच झालं. तुम्ही म्हणाल, मग आता तक्रार कशाची?

मलाही तेच वाटत होतं. दर रविवारी आम्ही सुदामा नगरला जेवायला जातो. माई आठवडाभर ठरवून ठेवतात काय करायचं ते. मागच्या पावसाळ्यानंतर त्यांचे गुडघे जास्तच दुखतात, म्हणून घरकामाला सुनीता येते. परवाच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा सुनीता पुढच्या खोलीत झाडू मारत होती. मी नेहमीसारखी बॅग दिवाणावर टाकली आणि आत भांडी घ्यायला गेले. तिथे मला बाहेरून माईंचा आवाज ऐकू आला. त्या सुनीताला अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, "उधर रहने दे. वो मेहमानों का बैग है, हाथ मत लगाना."

माझ्या हातातली ताटं हातातच राहिली. माई मुद्दाम बोलल्या नव्हत्या. मुद्दाम बोलायला त्यांना येतच नाही, आलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. मी बाहेर आले. बॅगेतून डायरी काढली. ती माझ्याबरोबर होती, हल्ली असतेच. पुढच्या खोलीतल्या टेबलावर, माईंच्या खुर्चीसमोर, मी ती ठेवली. उघडीच ठेवली म्हटलं तरी चालेल, फीत बाहेर लोंबत होती. आणि आत जाऊन पानं वाढायला लागले. सावकाश वाढली. लोणचं शोधलं, ते समोरच होतं. कान मात्र बाहेर.

परत आले तर माई फडक्यानं टेबल पुसत होत्या. चष्मा डोळ्यावर होता. डायरीच्या एका कडेनं फडकं गेलं, वळलं, दुसऱ्या कडेनं गेलं, तिसऱ्या कडेनं, चौथ्या कडेनं गेलं. पाण्याची एक रेघ डायरीभोवती चौकोनी उमटली. डायरी होती तिथेच.

"माई, उचला ना ती," मी म्हटलं. "खाली धूळ राहील."

"नको ग," माई म्हणाल्या. "तुझी आहे."

इतकी वर्षं मला हेच तर ऐकायचं होतं! याच्यासाठी मी कुलूप लावलं, कुलूप काढलं, लिहायचं सोडलं, गहू निवडणाऱ्या बाईवर ओरडले. आता ते ऐकू आलं आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. तुम्ही फोनवर विचारता ना, "आता तुझं घर कुठलं?" साताऱ्यात माझ्या डायरीला कोणी हात लावत नव्हतं, ते माझं घर होतं. इथे सगळे हात लावत होते, तेही माझंच घर होतं. हे मला वेळेवर कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माई फडकं पिळायला आत निघाल्या होत्या. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, डायरी उचलली, आणि तिच्याखालचं टेबल मीच पुसलं.